जात गेटाबाहेर राहत नव्हती

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गिरणगावावरचा लेख काल दोनदा वाचला. ताडदेवच्या १८५४ सालच्या पहिल्या कापडगिरणी कंपनीपासून १९८२ च्या संपापर्यंत लेखकाने बरेच काही गोळा केले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ‘भोंगा वाजला की जात गेटाबाहेर राहायची’ हे त्यांचे वाक्य वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

माझे आजोबा रत्नागिरीकडून परळला आले आणि जन्मभर रिंगखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, उभे राहिले. साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, कमाई बरीच जास्त, हे त्यांना ठाऊक नव्हते का? पण आम्ही महार. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचे तोंड. आमचे तोंड लागलेला धोटा कोणाला चालणार? एवढ्यासाठी गिरणीतले चांगल्या कमाईचे खाते आम्हाला बंद. आणि हे चालवणारे कामगारच होते, आमच्याबरोबर एकाच मोर्चात घोषणा देणारे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. ते तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. लेखात याची एक ओळ नाही.

आजोबांनी एकदा प्रयत्न करून पाहिला होता. ओळखीच्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, आडनाव बदलून त्यांना गैरहजर कामगाराच्या बदलीवर साच्यावर घेतले. चौथ्या दिवशी गावाकडच्या एकाने ओळखले. रांगेतले साचे एकामागून एक बंद झाले. कोणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. सगळे नुसते उभे राहिले. आजोबा खात्याबाहेर गेले तेव्हा साचे पुन्हा सुरू झाल्याचा आवाज त्यांनी जिन्यावरून ऐकला. घरी आजी सुईत दोरा ओवायला द्यायची, तर ते दोऱ्याचे टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवायचे. तोंडात कधी धरायचे नाहीत. असे का करता, म्हणून मी लहानपणी विचारले, तेव्हा हे सगळे सांगितले. नंतर पुन्हा कधी बोलले नाहीत.

गिरणीने आम्हाला काहीच दिले नाही असे मी म्हणणार नाही. पणजोबांनी गावात महारकी केली, बलुत्याच्या भाकरीवर दिवस काढले. आजोबांना ठरल्या तारखेला रोख पगार मिळाला, आणि त्या पगारावर माझे वडील शाळेत गेले. घरात पाटी-पेन्सिल आली ती रिंगखात्यातून. हे मी कधीही नाकारणार नाही. पण म्हणून साचेखात्याच्या दारात जे झाले ते पुसून टाकायचे का?

आणखी एक. लेखासोबतच्या जुन्या छायाचित्राखाली तुम्ही ‘कापड विणताना कामगार’ असे छापले आहे. ते साचे नाहीत, रिंग फ्रेम आहेत. चात्यांवरच्या बॉबिनींची ओळ स्पष्ट दिसते आहे. गिरणगावावर पान काढताना एखाद्या जुन्या कामगाराला फोटो दाखवायला हवा होता, तसे अजून पुष्कळ जण नायगाव-लालबागेत आहेत. त्या फोटोतली माणसे सूत कातत आहेत. माझ्या आजोबांना ज्या खात्यात उभे राहू दिले नाही, त्याचे नाव निदान त्यांच्या खात्याला देऊ नका. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, नायगाव, मुंबई