डॅन्यूबच्या उगमाशी बूट काढणाऱ्या आजोबांना

आजोबा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, पडलं तरी वाचता येणार नाही. तरी लिहितेय, कारण आठ दिवस झाले, ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाबा वाईचे. नदी म्हटली की तिच्या मुळाशी जायचंच. आधी एका सहलवाल्याने आम्हाला जर्मनीतल्या डोनाउएशिंगनच्या राजवाड्याजवळच्या गोल कुंडापाशी उतरवलं. तळाशी नाणी, वर पुतळे. "हाच उगम. वीस मिनिटं. फोटो काढा." बाबांनी विचारलं, "हे पाणी इथेच ब्रिगाख नदीला मिळतं ना? मग ब्रिगाख कुठून येते?" गाइडने घड्याळ दाखवलं. पैसे घेताना त्याला बरी सवड होती!

दुसऱ्या दिवशी फुर्टवांगनला आमची बस चुकली आणि तुम्ही गाडी थांबवलीत. मार्टिन्सकापेले या छोट्या चर्चपाशी, १०७८ मीटरवर, ब्रेग नदीचा झरा. ब्रिगाख आणि ब्रेग मिळून डॅन्यूब होते, पण ब्रिगाखपेक्षा लांब ती ब्रेगच, म्हणून खरा उगम आमचाच, हे तुम्ही अगदी गावकीच्या ठसक्यात सांगितलंत. आणि इथून जवळच उगवणारी एल्झ मात्र ऱ्हाईनला जाते, हेही.

झऱ्याशी बाबांनी सवयीने चपला काढल्या. ऑक्टोबरातलं ओलं, गारठलेलं गवत. मी ओशाळले, काय सांगावं याचे जर्मन शब्द जुळवत राहिले. तुम्ही काही विचारलं नाहीत. वाकलात, नाड्या सोडल्यात, मोजे काढून बुटांत खोचलेत आणि बाबांच्या शेजारी अनवाणी उभे राहिलात. माणसाकडे ही समज असते तेव्हा भाषा लागतच नाही हो.

परतताना गाडीच्या वाफाळलेल्या काचेवर तुम्ही बोटाने डॅन्यूब काढलीत आणि खालच्या इमेंडिंगन गावापाशी तळव्याने पुसून टाकलीत. पाणी तिथे चुनखडीत मुरतं, उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. हे पाणी जातं कुठे ते पाहायला १८७७ मध्ये तिथे कित्येक टन मीठ ओतलं, ते सुमारे ६० तासांनी बारा किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यात उतरलं. तिथून बोडन सरोवर, मग ऱ्हाईन. "म्हणजे गुप्त सरस्वतीच की!" बाबा म्हणाले. ते मला तुम्हाला नीट समजावता आलं नाही, माफ करा.

बाबा आता वाईत आहेत. फोनवर रोज पहिला प्रश्न एकच: "त्या गृहस्थांना सर्दी तर नाही ना झाली?"