किंचाळी दोनदा द्यावी लागायची

पुणे, ९ नोव्हेंबर

प्रिय मृणाल,

परवा फोनवर तू विचारलंस, "भुताच्या सिनेमातल्या बायकांशी तू एवढं बोलतेस तरी काय?" तेवढ्यात तुझ्या दारावर कुणीतरी आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. तेव्हापासून तुझा प्रश्न डोक्यात घोळतोय. आज घरात कुणी नाही, चहा करून घेतलाय, तर सविस्तर लिहिते.

डोंबिवलीच्या बाईंबद्दल तुला मागे थोडं सांगितलं होतं. त्यांचं नाव कुठेही लिहायचं नाही ही त्यांची अट आहे, म्हणून तुलाही कळवत नाही. ऐंशीच्या दशकात त्यांनी कमी पैशांत, घाईघाईत उरकलेल्या पाच-सहा हिंदी भयपटांत कामं केली. मूळच्या राज्य नाट्य स्पर्धेतल्या. आता सत्तरी ओलांडली आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहीत प्रश्न लिहून नेले होते आणि पहिलाच विचारला, "शूटिंगच्या वेळी भीती वाटायची का हो?" बाई मटार सोलत होत्या. हात चालू राहिले, तोंड मिटलं. पुढची वीस मिनिटं "हो", "नाही", "आता आठवत नाही". शेवटी मी रेकॉर्डर बंद केला आणि त्यांच्यासमोर बसून मटार सोलायला लागले. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तू सर्जनला विचारशील का, रक्त बघून चक्कर येते का म्हणून? मी कामावर जात होते गं."

ते वाक्य घेऊन मी लोकलमध्ये बसले आणि कल्याणपर्यंत वही उघडली नाही.

दुसऱ्या खेपेला एकच विचारलं: "बंगल्यातला पहिला दिवस. काय काय शूट झालं?" आणि बाई सुरू झाल्या. बंगला भाड्याचा, मोजून दिवस मिळालेले. त्यामुळे बंगल्यात घडणारं सगळं एकदम काढून घ्यायचं, क्रम गेला खड्ड्यात. सकाळी क्लायमॅक्स, दुपारी नायिका पहिल्यांदा घरात शिरते तो हसरा सीन, रात्री मधलाच कुठलातरी जिना. मग एकाच दिवसात भीती कधी टिपेला न्यायची, कधी नुसती शंका दाखवायची, कधी काहीच नाही. चेहरा चुकला तर एडिटिंगला बसल्यावर उघडं पडणार, आणि रिटेकला निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली कोरी फिल्म, नाही. म्हणून बाईंनी स्वतःपुरती एक खूण काढली होती. सीनच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा. एक रेघ म्हणजे कानोसा. दोन म्हणजे खात्री नाही, पण पाय थबकले. चार म्हणजे घशाला कोरड. पाचवी रेघ चारांवर आडवी मारायची, दूधवाला हिशेबाला मारतो तशी, ती किंचाळीची. पूर्ण सिनेमात आडव्या रेघा तीनच. "चौथी मारलीस तर पहिल्या तिन्ही वाया," बाई म्हणाल्या.

मृणाल, मला तिथल्या तिथे 'हॅलोविन' हा अमेरिकन भयपट आठवला. १९७८ चा. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आणि नायिका जेमी ली कर्टिस यांचंही अगदी हेच दुखणं होतं. तोही सिनेमा क्रमाने शूट झाला नाही, म्हणून कार्पेंटरने तिच्यासाठी भीतीची एक मोजपट्टी ठरवली होती. शॉटच्या आधी तो तिला आकडा सांगायचा, ती त्या आकड्यावर उभी राहायची. कर्टिसचा तो पहिलाच चित्रपट, मानधन आठ हजार डॉलर. आणि त्या मुलींच्या तोंडचं बोलणं खरं वाटतं ना, ते लिहिलं होतं डेब्रा हिलने, सहलेखिका आणि निर्माती. तिचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं. कार्पेंटरचं असतं. मला हे खुपतं. बाईंना मी मोजपट्टीची गोष्ट सांगितली तर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तिला सांगणारा होता. मी माझं मीच मोजायचे."

मग त्यांनी मला श्वास दाखवला. हे कागदावर कसं उतरवू? त्या उठल्या, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला आणि श्वास आत घेतला, पण एकसंध नाही. तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा वरच्या वर तोडून. गळ्याखालच्या खळग्यात कातडी आत ओढली गेली, सुटली, पुन्हा ओढली गेली. डोळे मात्र शांत, माझ्याकडे बघणारे. मला दरदरून घाम फुटला. चौकटीवरचा हात सोडून त्या म्हणाल्या, "डोळ्यांनी घाबरायचं नाही, इथून घाबरायचं," आणि दोन बोटं खळग्यावर ठेवली. सीन धावण्याचा असेल तर शॉटच्या आधी बंगल्याचा जिना दोनदा चढून उतरून यायच्या, म्हणजे धाप खरी लागे.

आणि किंचाळी दोनदा द्यावी लागायची! हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा आवाज नंतर डब होई. शूटिंगला ऊर फुटेस्तोवर किंचाळायचं, आणि तीन-चार महिन्यांनी थंडगार डबिंग थिएटरात माइकसमोर उभं राहून पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांवर तीच किंचाळी पुन्हा बसवायची. जागचं हलायचं नाही, कारण पाऊल घासलं तरी माइक पकडतो. बाई एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरायच्या आणि धावतानाची सगळी धडपड त्या मुठीत घालायच्या. पर्समध्ये ज्येष्ठमधाची कांडी. एका चित्रपटाचं डबिंग संपलं आणि शेवटचा हप्ता कधी आलाच नाही. त्यांनी दोन वर्षं खेटे घातले, मग सोडून दिलं. हे सांगताना त्यांचा आवाज वर गेला नाही, पण मटारच्या परातीतलं एक टरफल त्या बोटांनी बारीक बारीक करत राहिल्या.

तेव्हापासून मी परदेशातल्या जुन्या मुलाखतीही नव्याने ऐकायला घेतल्यात. 'टेक्सास चेनसॉ मॅसकर' या भयपटाची नायिका मॅरिलिन बर्न्स घे. १९७३ चा टेक्सासचा उन्हाळा. जेवणाच्या टेबलाचा तो शेवटचा सीन सव्वीस-सत्तावीस तास सलग चालला. रात्र भासावी म्हणून खिडक्या झाकलेल्या, वर दिव्यांची धग, टेबलावरचं मांस सडायला लागलेलं. नकली रक्ताची नळी काम देईना तेव्हा तिचं बोट खरोखर कापलं गेलं. मुलाखतकार हे विचारतात आणि "बाप रे" म्हणून पुढे जातात. मला तिथे थांबावंसं वाटतं. सव्विसाव्या तासाला तिने आवाज कुठून आणला? पहिल्या तासाच्या चेहऱ्याशी तो कसा जुळवला? तो सीन आज पुन्हा बघ. बुबुळांच्या अगदी जवळून घेतलेले शॉट आहेत, तिथे खोटं लपायला जागा नाही. आणि त्या चित्रपटाने जगभर एवढा गल्ला जमवला, पण त्यात राबलेल्या नटनट्यांच्या पदरात फार थोडं पडलं. डोंबिवली आणि टेक्सास इथे एकाच ओळीत बसतात.

'ईव्हिल डेड' या भयपटातल्या तिघी नट्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यांचं बोलणं तू स्वतः ऐकावंस. एलन सँडवाइस, बेट्सी बेकर, थेरेसा टिली. टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळची जंगलातली झोपडी, कडाक्याची थंडी, कॉर्न सिरपचं चिकट रक्त, आणि डोळ्यांत अख्खं बुबुळ झाकणाऱ्या जाड पांढऱ्या लेन्स. लेन्स घातल्या की काही दिसत नसे आणि एका वेळी पंधरा मिनिटांवर त्या ठेवताही येत नसत. म्हणजे पडद्यावर आपल्याला खायला उठलेली बाई प्रत्यक्षात आंधळी, चाचपडत चाललेली. तिघी पुढे आपापल्या संसारात गेल्या आणि कितीतरी वर्षांनी एकत्र येऊन 'लेडीज ऑफ द ईव्हिल डेड' म्हणून चाहत्यांना भेटायला लागल्या. एकीची आठवण अडखळली की दुसरी ती पुरी करते. मुलाखत अशी तिघींची एकत्र घ्यावी, असं मला फार वाटतं.

जेनिफर केंट आणि एसी डेव्हिस यांची गोष्ट तर आपल्या दोघींसाठीच आहे. सिडनीच्या नाट्यशाळेतल्या जुन्या मैत्रिणी. पुढे एक दिग्दर्शक झाली, दुसरी नटी, आणि २०१४ साली दोघींचा 'बाबाडूक' हा भयपट आला. सेटच्या खर्चासाठी केंटने लोकवर्गणीतून तीस हजार डॉलर जमवले होते. त्यात आई मुलावर भयंकर ओरडते ते प्रसंग आहेत ना? डेव्हिस ज्याच्यावर ओरडायची तो कॅमेऱ्यामागे गुडघ्यांवर बसलेला एक मोठा माणूस असायचा. सहा वर्षांच्या मुलाच्या कानावर ते शब्द पडू दिले नाहीत. मी हे कोल्हापूरच्या एका मुलीला सांगितलं. ती मित्रांकडून उसने पैसे घेऊन वाड्यातल्या भुताची शॉर्ट फिल्म करतेय, आणि तिच्याकडेही आठ वर्षांचा नट आहे. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या असिस्टंटला गुडघ्यांवर बसवून सीन काढला. रात्री मला मेसेज आला: "ताई, पोरगं शेजारच्या खोलीत कॅरम खेळत होतं." बाईंचं ऐकून तिने आणखी एक केलं: किंचाळण्याचे शॉट दिवसाच्या अखेरीला ठेवले, म्हणजे नटीचा घसा आधीच्या संवादांना शाबूत राहतो. बाईंना हे कळवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. चहात साखर जास्त पडली एवढंच.

आपल्याकडच्या रामसे बंधूंचं सगळ्यांना कौतुक आहे, मलाही आहे. सात भाऊ, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी एडिटिंग, आणि १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून काढला. भावांच्या हकिकती भरपूर छापून आल्यात. पण त्या धुक्यात रात्री-अपरात्री उभ्या राहिलेल्या मुलींचं बोलणं शोधायला गेले तर हाताला फारसं काही लागलं नाही. त्यातल्या कितीतरी जणी आज आजी असतील. कुणीतरी जाऊन बसायला हवं गं त्यांच्यासमोर, आणि लवकर.

आता तुझ्या पिट्सबर्गकडे येते, कारण मला तुझ्याकडून एक काम हवंय. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', प्रेतं उठून माणसं खातात तो सिनेमा, तुमच्याच भागातला. दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर घालून सुरुवात केली आणि एक लाख चौदा हजारांच्या आसपास सिनेमा उभा राहिला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. मॅरिलिन इस्टमन त्यात तळघरातली आई झाली, मेकअपला हातभार लावला आणि झाडावरचा किडा खाणारं प्रेतही तीच झाली. १९६८ च्या ऑक्टोबरात तुमच्याच शहरात तो पहिल्यांदा दाखवला. सिनेमाचं नाव बदलताना कॉपीराइटची ओळ छापायची राहिली आणि सिनेमा सगळ्यांचाच होऊन बसला, करणाऱ्यांच्या हातून पैसा निसटला.

ज्युडिथ ओडीने त्यात नायिका बार्ब्रा केली. लोक बार्ब्राला नावं ठेवतात, अर्धा सिनेमा नुसती सुन्न बसून राहते म्हणतात. मला ते पटत नाही. भावाला काय झालं ते ती त्या घरात भेटलेल्या बेनला सांगते, तो लांबलचक सीन ओडीने आयत्या वेळी स्वतःच्या शब्दांत केला होता. एकदा त्यात नुसते तिचे हात बघ. लिहून दिलेलं नसताना एवढ्या मोठ्या धक्क्याचा चढउतार सांभाळायचा, आणि मग कितीतरी वेळ जवळजवळ न बोलता तो धक्का धरून ठेवायचा. बाईंना मी लॅपटॉपवर तो सीन दाखवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग पेन्सिल मागितली आणि माझ्या वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढत गेल्या. बेन तिच्या अनवाणी पायांत सपाता घालतो तिथे त्या थबकल्या. "ही अनवाणी धावली?" मी म्हटलं, हो, स्मशानापासून त्या घरापर्यंत. बाईंनी आपला उजवा पाय पुढे केला आणि टाच दाखवली. आडवा, पांढरट, बोटभर व्रण. बंगल्यामागच्या रानात रात्रीचं धावणं, फुटकी बाटली. तीन टेक त्या तशाच धावल्या, कारण चौथ्याला निगेटिव्ह नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, "तिच्या पायाखाली काय होतं?"

मला सांगता आलं नाही.

ते स्मशान इव्हान्स सिटीला आहे, तुझ्यापासून गाडीने फार लांब नाही. थंडी वाढायच्या आत एखाद्या रविवारी जाशील का? फोटो पाठव, पण वरचे नकोत, जमिनीचे पाठव. सिनेमात जिथून बार्ब्राची गाडी उताराला लागते तिथून खाली चालत जा आणि बघ, गवत आहे, खडी आहे की माती. शनिवारी मी पुन्हा डोंबिवलीला जाणार आहे, बाईंनी वाट बघते म्हणून सांगितलंय.

तुझी,
वैजू