लाल ठिपका नसलेलं विमान

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री ११

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तू पुण्याहून आणून दिलेला हरिकेनचा, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचा, खोका वर्षभरानं उघडला. आठ दिवस पावसाची उघडीप नाही, पंचगंगा पात्राबाहेर आहे. उद्यमनगरातून घरी आलो, जेवलो, की रोज रात्री हेच.

तुझे आजोबा कट्ट्यावर बसून इंफाळच्या लढाईचं सांगायचे ते आठवतं? "विमानाचा आवाज आला की आधी चरात उडी, मग आपलं का परकं ते बघायचं." त्यांच्यासाठीच मी इंफाळचं विमान करायचं ठरवलं. १९४४ साली अर्जन सिंग यांच्या हाताखाली आपल्या हवाई दलाची १ नंबरची स्क्वाड्रन तिथून हरिकेनच उडवत होती. खोक्यातल्या गोल चिन्हांत मधोमध लाल ठिपका होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढून टाकला होता. जपानी विमानावर लाल गोळा असायचा, लांबून घोटाळा झाला तर आपलेच आपल्यावर गोळ्या झाडायचे. मग कंपासनं मास्किंग टेप कापली आणि गडद निळ्यात फिकट निळं, अशी सगळी चिन्हं हातानं रंगवली.

रंग छान बसला. चूक झाली ती वेदरिंगला, म्हणजे विमान वापरून झिजलेलं दाखवण्याच्या कामात. स्पंजच्या तुकड्यानं चंदेरी रंग टिपत नाकापासून शेपटीपर्यंत टवके पाडले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, अरे, हरिकेनचा मागचा भाग पत्र्याचा नाहीच! पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणून बसवलेलं लिननचं कापड. कापडाचा रंग उडाला तर आतून चांदी कुठून दिसणार? उठून दिवा लावला. मागचं सगळं घासून काढलं, परत हिरवा आणि मातकट रंग दिला. दोन रात्री गेल्या, पण ते तसंच ठेवणं मला जमलं नसतं. आता तिथं फक्त उन्हानं विटलेला रंग आहे आणि पट्ट्यांच्या कडेला धूळ, पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून केलेली. एक ठिगळही लावलंय. टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा पातळ गोंदानं चिकटवला आणि रंग किंचित गडद ठेवला. गोळी कापडातून आरपार गेली तर तेवढं ठिगळ मारून विमान परत उडायचं.

चंदेरी टवके आता इंजिनाच्या झाकणाच्या कडांना आणि डाव्या पंखाच्या मुळाशी. वैमानिक डावीकडूनच चढायचा, बुटांनी रंग तिथंच झिजणार. आपल्या लेथचा हँडल बघ ना, हात लागतो तिथंच चकाकतो. तेलाचे ओघळ बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ओढले, सगळे मागच्या दिशेनं, वाऱ्याबरोबर. विमान मोडकं दिसायला नको होतं मला, राबलेलं दिसायला हवं होतं. आणि सुहास, ते तसं दिसतंय!

आता फक्त मॅट वार्निशचा शेवटचा हात राहिलाय. काल प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघितला तर दमट हवेनं दुधासारखा पांढरा पडला. विमानावर मारला असता तर मी रडलोच असतो. तेव्हा ऊन पडेपर्यंत ते कपाटावर बुटाच्या खोक्याखाली झाकून आहे.

दसऱ्याला येताना आजोबांचा तो गणवेशातला फोटो आण. पंख टोकापासून टोकापर्यंत २५ सेंटिमीटर भरतात, फोटोला जागा सोडून फळी कापून घेतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक