मिस्सेनंतर जरा थांबत जा

बाळा,

परवा तू फोनवर म्हणालीस की आई, चर्चला जाऊन आल्यावर मला अजूनच एकटं वाटतं, आणि मी नेहमीसारखं "प्रार्थना कर गं, होईल सगळं नीट" म्हणून फोन ठेवला. नंतर रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. फोनवर मला धड बोलता येत नाही, मागे कुकर तरी वाजतो नाहीतर तुझे पप्पा काहीतरी विचारतात, म्हणून लिहितेय.

बेंगळुरूला एकाच चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला इंग्लिश, कन्नड, तमिळ अशा वेगवेगळ्या मिस्सा होतात, इंग्लिशवाली संपली की लोक गाड्या काढून मोकळे, कोणाचं नाव कोणाला माहीत नाही, हे तू सांगितलंस. मग मैत्रिणीबरोबर त्या हॉलमधल्या फेलोशिपच्या प्रार्थनेला गेलीस, तिथे बँड, गाणी, पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिठ्या मारल्या, ग्रुपमध्ये घेतलं, आणि तुला डेंग्यू झाला तेव्हा तीन रविवार गेली नाहीस तर एकाचाही मेसेज नाही. मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. ते मनापासूनच भेटले असतील, पण तू आजारी पडल्याचं कळायला कोणीतरी तुझी वाट बघत असायला लागतं ना.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी वाडवळ, माझं माहेर किल्ल्याकडचं, आणि पप्पा कुपारी, म्हणजे समाज वेगळे. आपण सगळे एकाच वसईचे, चारशे वर्षांपासून ख्रिस्ती, तरी आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडे तोंडं वाकडी झाली होती, कारण आपल्यात तेव्हा अशी सोयरीक करत नसत. लग्नानंतर इथल्या चर्चला यायला लागले. मिस्सा मराठीतच, सगळं कळायचं. पण बाहेर पटांगणात आलं की बायका त्यांची कादोडी बोली सुरू करायच्या आणि मी बाजूला पर्स धरून उभी. जवळजवळ दोन वर्षं. कोणी वाईट वागलं नाही, पण कोणी माझ्याकडे वळलंही नाही, आणि मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडायचे. माझ्या आजीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये असायची, व्हॅटिकनची ती मोठी परिषद 1962 ते 1965 झाली त्यानंतर आपल्या भाषेत आली. आजीला त्यातला शब्द कळत नव्हता, तरी ती त्या देवळाची होती. आणि मला शब्द न् शब्द कळत होता तरी मी तिथली नव्हते.

मग एका शनिवारी लाल लुगड्यातली एक म्हातारी बाय दारात आली आणि म्हणाली, "वेदी सजवायला हात कमी पडतायत, चल." या, बसा, ओळख करून घेऊ, असलं काही नाही, नुसतं चल. माझ्या हातात मोगऱ्याच्या कळ्या आणि दोरा दिला आणि मला गजरा नीट येत नव्हता म्हणून ओरडली सुद्धा. पुढच्या शनिवारी मला ताप होता, मी गेले नाही, तर संध्याकाळी पेजेचं भांडं घेऊन ती हजर. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी नसले तर इथे कोणाचं तरी अडतं.

पण खरं लिहायचंय ते पुढे आहे. तुझ्या फोननंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये पहिल्यांदा मागे वळून बघितलं. शेवटच्या बाकावर, बाजूच्या दाराजवळ, एक मुलगी बसते, मांडीवर टिफिनची पिशवी, आणि शेवटचं गाणं चालू असतानाच उठून जाते. चार वर्षं बघतेय मी तिला! आणि मला वाटायचं घाईत असते बिचारी. त्या दिवशी मी गाणं अर्धं सोडून तिच्या मागे गेटपर्यंत गेले. झारखंडची, नर्स आहे, ड्युटीची बस पकडायची असते. मी नाव विचारलं तर ती आधी घाबरली, तिला वाटलं काही चुकलं. मग म्हणाली, "आंटी, यहाँ तो सब आपस में रिश्तेदार हैं." साधेपणाने म्हणाली, तक्रार म्हणून नाही. मला मात्र मान वर करता येईना. जे माझ्या वाट्याला दोन वर्षं आलं ते मी तिला चार वर्षं दिलं, आणि रोज जपमाळ करते मी.

घरी येऊन बायबलमधली प्रेषितांची कृत्ये काढली. दुसरा अध्याय सगळ्यांना पाठ, ते एकत्र राहायचे, घरोघरी भाकर मोडायचे, आपण तेच वाचून म्हणतो की पहिली मंडळी कशी होती आणि आताची कशी. पण सहावा वाच. तिथेच, यरुशलेममध्ये, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जात होतं म्हणून कुरकुर झाली. म्हणजे बाहेरून आलेल्या बायका तेव्हाही शेवटच्या बाकावरच. मग त्यांनी सात माणसं नेमली, स्तेफन त्यातलाच. आणि आपल्या कोकणातले कवी रेव्हरंड टिळक बघ, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1917 मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्यांना घेऊन. बावीस वर्षं मंडळीत काढलेला माणूस, त्यालाही वेगळी जागा काढावी लागली. म्हणून तुला आत्ता सापडत नाहीये तर तुझ्या श्रद्धेत खोट आहे असं अजिबात समजू नकोस.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपला नव्या पिकाचा सण, आगेरा झाला. मी त्या मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, सुट्टी मागून घे, भाताची कणसं वेदीपर्यंत न्यायला हात कमी पडतायत. ती म्हणाली आमच्या गावी पण असंच असतं, नवाखानी म्हणतात, नवा तांदूळ देवाला दाखवून मग खायचा. मिरवणुकीत माझ्या पुढे होती, कणसं अशी छातीशी धरलेली की साडीला सगळं कूस लागलं. नंतर आपल्याकडे जेवली, माझ्याकडून मसाल्याची कृती लिहून घेतली, पप्पांनी तिला बाइकवर स्टॉपपर्यंत सोडलं.

आता तुझ्याबद्दल. चर्च बदलायचं तर बदल, मी अडवणार नाही, पण जिथे जाशील तिथे मिस्सेनंतर लगेच रिक्षा बुक करू नकोस. खुर्च्या कोण उचलतं, संडे स्कूलला कोण कमी आहे, विचार. दोनदा नाही म्हणतील, तिसऱ्यांदा झाडू देतील, घे.

मे महिन्यात वाळवलेली केळी, आपली सुकेळी, डब्यात थोडी राहिलीत, दोन पुड्या कुरिअर करतेय. एक तुझी. दुसरी त्या पांढऱ्या केसांच्या आजींना दे, ज्या दर रविवारी तुझ्या शेजारी बसतात असं तू म्हणालीस, आणि नाव विचारून मला कळव.

तुझी आई