भिंतीत चकली असलेला किल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर आपल्या नवी मुंबईच्या पानावर आमच्या भागातल्या ‘किल्ले बनवा’ स्पर्धेची बातमी आली होती. पहिल्या आलेल्या प्रतापगडाचं कौतुक, मग उत्तेजनार्थांची यादी, आणि शेवटी नाव न घेता एक टोमणा. कुणा मुलाने व्हिडिओ गेममधला भुताचा वाडा उभारला, सिंहासन रिकामंच ठेवलं, पायाची वीटही धड बसवली नव्हती, आणि गेमच्या नादात मुलांची कल्पनाशक्ती अशी आटत चालली आहे, असा एकूण सूर. तो मुलगा माझा नातू. वय १२, मुक्काम नेरूळ.

बक्षिसाबद्दल काही म्हणणं नाही. पत्रकात ‘शिवकालीन किल्ला’ असं स्वच्छ छापलं होतं, ते आजोबा-नातू दोघांनीही वाचलं नाही. चूक आमची. पण ‘आटत चालली’ हे शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत. मी ३४ वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली. ट्रेसिंग पेपर, रोटरिंगचं पेन, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढणं, यात हयात गेली. साहित्यातलं मला फार कळत नाही, नकाशा मात्र वाचता येतो. तेवढ्या भांडवलावर हे पत्र लिहितो आहे.

आमच्या सोसायटीत मूठभर मातीही मोकळी नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. नर्सरीतून चार पोती लाल माती रिक्षाने आणली. गोणपाट भिजवून झालं, विटा रचायला घेतल्या, तेव्हा मी विचारलं, “कुठला गड?” उत्तर आलं, “ड्रॅक्युलाचा.” मी फावडं खाली ठेवलं. दिवाळीच्या किल्ल्यात रक्तपिपासू भूत, हे ऐकून माझी आई असती तर पायरीवर येऊन उभी राहिली असती. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही आधी एकदा खेळून तर बघा.”

मुलाच्या संगणकावर तो जुना खेळ होता. ‘कॅसलव्हेनिया’. जपानच्या कोनामी कंपनीने १९८६ साली काढलेला. सायमन बेलमाँट नावाचा एक गडी चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि त्याला मारतो, एवढंच कथानक. सबंध खेळात एक संवाद नाही. पहिल्या तासात मी बहुधा वीस वेळा मेलो. त्यातले निम्मे मृत्यू पाण्यात पडून. कारण या गड्याने एकदा उडी घेतली की हवेत त्याला दिशा बदलता येत नाही. मी चिडलो. नातू शांतपणे म्हणाला, “तुम्ही गडावर जाताना मला काय सांगता? पाय टाकायच्या आधी दगड हलतो का बघ.” पुढे बोलायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. नातू खेळतोय, मी दालनं उतरवून घेतोय. एकूण १८ टप्पे, तीन-तीनचे सहा भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी एक मोठा राक्षस. आमच्या नवी मुंबईत सेक्टर असतात तसंच, फक्त इथे पाटी नसूनही माणूस चुकत नाही. आधी बाहेरचं अंगण, मग दरवाजा, फाटक्या पडद्यांचं मोठं दालन. मग वर चढत चढत उघड्या तटावर. तिथून एकदम खाली, भुयारातल्या पाण्यात. पुन्हा चढ. शेवटी मोडका पूल, घड्याळाचा बुरूज, आणि एक लांबलचक जिना, ज्याच्या मागे चंद्र आहे. प्रत्येक भाग संपला की किल्ल्याचा नकाशा पडद्यावर येतो आणि आपण कुठवर आलो ते दिसतं. मला रायगड आठवला. महादरवाजा समोरून दिसतच नाही, बुरुजांच्या मधून वळावं लागतं. मग चढ, मग पुन्हा एक दरवाजा, आणि राजसदर सगळ्यात शेवटी. धन्याकडे जाणारी वाट जितकी वाकडी, तितका धनी मोठा वाटतो. हे सांगायला निवेदक लागत नाही, वास्तूच सांगते.

भुतांचंही तसंच. आमच्या आजीची भुतं जागा सोडून कधी हलत नसत. मुंजा पिंपळावरचा, गिऱ्हा पाण्यातला. गिऱ्हा माळावर दिसला असं कोणी म्हणालं तर आजी त्यालाच खोटं पाडायची. या खेळात तो नियम पाळलेला आहे. माशाच्या तोंडाची माणसं पाण्यातूनच उसळतात. ‘मृत्यू’ हाही इथला एक मोठा राक्षस. त्याच्या दालनाआधी एक अरुंद बोळ आहे, तिथे कुऱ्हाडी फेकणारी चिलखतं पहाऱ्याला उभी, आणि वरून मेडुसाची, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या बाईची, मुंडकी तरंगत येतात. ती सरळ येत नाहीत, वरखाली लाटेसारखी येतात. ती लाट मी कागदावर काढली. त्रिकोणमितीच्या पुस्तकातली साइनची रेषा! बोळ सरळ, मुंडकी वक्र, आणि उडी आधीच ठरलेली. ज्याने हे आखलं त्याच्यापुढे मी पेन ठेवलं.

शस्त्रांतही तीच भूमिती. खंजीर सरळ रेषेत जातो. कुऱ्हाड वर जाऊन कमानीत खाली येते. मंत्रवलेलं पाणी पायाशी पडून जळतं. क्रूस जातो आणि परत येतो. पाचवं शस्त्र घड्याळ, ते काही क्षण शत्रूंना जागच्या जागी थांबवतं. एका वेळी यातलं एकच जवळ ठेवता येतं. म्हणजे पुढच्या खोलीत कसली रेषा लागणार आहे, हे आधी ओळखायचं.

आता मेणबत्त्या. किल्लाभर मेणबत्त्या आहेत, चाबकाने फोडल्या की बहुतेक वेळा त्यातून लाल बदाम पडतो. मला वाटलं बदामाने जीव वाढत असेल. नाही वाढत. बदाम हा दारूगोळा आहे. कुऱ्हाड फेकली, एक बदाम गेला. घड्याळाला पाच लागतात. जीव वाढतो तो मांसाच्या तुकड्याने, आणि ते भिंतीच्या आत असतं! नुसतं चालत गेलं तर कळत नाही, योग्य तो चिरा फोडावा लागतो. नातवाला विचारलं, भिंतीत जेवण कशाला? तो म्हणाला, “तिथे आधी कोणीतरी राहत होतं ना.” खेळ बनवणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण पडक्या किल्ल्यात फिरताना धान्यकोठार दिसलं की मला नेमकं हेच वाटतं.

एक शंका मात्र माझ्या आरेखकी डोक्यातून जात नव्हती. मेडुसा ग्रीसची. ममी इजिप्तची. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस १८१८ सालच्या इंग्रजी कादंबरीतला. ही मंडळी ड्रॅक्युलाच्या घरी काय करतात? हा तर भाडेकरूंनी भरलेला वाडा झाला. याचं उत्तर खेळाच्या दोन टोकांना लपवलेलं आहे. सुरुवातीच्या पाटीला चौकट आहे ती चित्रपटाच्या फितीची, कडेला भोकं असलेली. आणि शेवटी, ड्रॅक्युला मेल्यावर, सिनेमासारखी नामावली येते. दिग्दर्शक म्हणून ‘ट्रान्स फिशर्स’, लेखक ‘व्राम स्टोकर’, ड्रॅक्युलाच्या भूमिकेत ‘क्रिस्टोफर बी’, फ्रँकेन्स्टाइनच्या भूमिकेत ‘बोरिस कार्लॉफिस’. टेरेन्स फिशर, ब्रॅम स्टोकर, क्रिस्टोफर ली, बोरिस कार्लॉफ या खऱ्या नावांची ही थट्टा. म्हणजे आपण इतका वेळ एक जुना भयपट बघत होतो, आणि ही सगळी एकाच कंपनीतली नटमंडळी! आमच्या कोकणात दशावतारात रात्री राक्षस झालेला माणूस सकाळी आपल्याच ओटीवर चहा पितो, त्यातलाच प्रकार. भाडेकरूंचा प्रश्न मिटला.

माझा खेळ इथे संपायला हवा होता, पण नातवाने मला १९९७ सालचा एक पुढचा भागही दाखवला, आणि एका आरेखकाच्या दृष्टीने सांगतो, तिथे माझी झोप उडाली. नायक ड्रॅक्युलाचाच मुलगा, अलुकार्ड. रोमन अक्षरांत बापाचं नाव उलटं लिहिलं की मुलाचं होतं. (ही युक्ती या खेळाची नाही, १९४३ च्या एका चित्रपटात ती आधीच येऊन गेली आहे.) किल्ला हिंडून होतो, आपल्याला वाटतं संपलं. आणि अमुक गोष्टी सापडल्या असतील तरच तो अख्खा किल्ला डोक्यावर उभा होऊन पुन्हा समोर येतो. तीच दालनं, तेच बोळ, फक्त छत आता जमीन झालेलं. त्यामुळे दोन्ही किल्ले पूर्ण बघितल्यावर खेळ टक्केवारी दाखवतो २००.६. आमच्या कार्यालयात छताचा आराखडा काढताना जमिनीवर आरसा ठेवलाय असं समजून काढायची पद्धत होती. साधं एका खोलीचं छत काढताना नवशिक्याची भंबेरी उडायची. इथे प्रत्येक खोली अशी आखावी लागली की सुलट असताना जमिनीवरून चालता यावं आणि उलट झाल्यावर छतावरून. बापाचं नाव उलटं म्हणजे मुलगा, मग बापाचं घर उलटं म्हणजे काय? हा प्रश्न खेळात कोणी विचारत नाही. तो नकाशात आहे.

तर नातवाचा किल्ला. अंगण, दरवाजा, तट, खाली ताटलीत पाणी, पुलासाठी आइस्क्रीमच्या काड्या (मधल्या दोन मुद्दाम काढलेल्या), जुन्या गजराच्या घड्याळाची चक्रं लावलेला बुरूज आणि त्याच्या वर जिना. मेणबत्त्यांच्या जागी पणत्या, पण उगाच कुठेही नाही, फक्त वाटेवर. उतारावर अळीव पेरला होता, तो नेमाने उगवला. एका भिंतीत चकली ठेवून वरून माती लिंपली. सायमन म्हणून बाजारातला मातीचा मावळाच घेतला आणि त्याच्या हातात काळा दोरा बांधला. परीक्षकांनी विचारलं, मावळ्याच्या हातात हा दोरा कसला? नातू म्हणाला, “कोरडा. पोतराजाचा असतो तसा.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, बाळ, आपली भुतं सोडून ही परदेशी कशाला? मी मध्ये बोललो नाही, आजोबांनी मध्ये बोलायचं नसतं. पण आता बोलतो. आपला विक्रम-वेताळ रिचर्ड बर्टन याने १८७० साली इंग्रजीत नेला, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाला ‘व्हॅम्पायर’ असाच शब्द वापरला. स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी आली १८९७ मध्ये. झाडाला उलटं लोंबकळणारं ते भूत आपल्याकडून त्या नावाने सत्तावीस वर्षं आधी तिकडे गेलं होतं.

रिकाम्या सिंहासनाचं सांगायला हवं. किल्ल्याच्या माथ्यावर महाराज बसतात, हे त्याला माहीत आहे. त्या जागी ड्रॅक्युला बसवणं बरं नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं. मी सुचवलं नव्हतं. म्हणून आसन रिकामं ठेवलं आणि बाजूला एक बंद काडेपेटी ठेवली. काडेपेटीत काय आहे ते त्याने मलाही दाखवलं नाही.

राहता राहिली वीट. त्या खेळात ड्रॅक्युला मेला की किल्ला उभा राहत नाही. लांबून तो कोसळताना दिसतो आणि मग ती नामावली सुरू होते. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी इमारतीतली सात-आठ मुलं जमली, नातवाने मावळा माथ्यावर नेला, काडेपेटी उचलून खिशात घातली, आणि पायाची ती वीट दोरीने ओढली. किल्ला एका दमात बसला. भिंतीतली चकली ओली झाली होती, तरी एकाने खाल्ली. माती दुसऱ्या दिवशी कुंड्यांत गेली, पेव्हर ब्लॉकवर सांडलेली मी झाडली.

तरी कृपया पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, की पायाची वीट सैल राहिली नव्हती, ती सैल ठेवली होती.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त आरेखक,
नेरूळ, नवी मुंबई