फोंड्यातल्या त्या दोन दादांचे आभार

माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक कार्ड तगडं, प्रोसेसर आठ कोअरचा, तरी गेम चाळीस एफपीएसवर (सेकंदाला चाळीस चित्रं) अडखळायचा. जो तो म्हणे, कार्ड बदल. फोंड्यातल्या दोन दादांनी मात्र आधी कार्डाचा वापर बघितला: जेमतेम ५० टक्के! म्हणजे अडत होतं दुसरीकडेच. जोडणाऱ्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी खोचलेल्या, म्हणून एकच चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमध्ये एकच वाट. वर ३२०० वेगाची रॅम २१३३ वर चाललेली. त्यांनी पट्ट्या दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केली. कूलरची धूळही काढली (आपल्या दमट हवेत ती चिकटूनच बसते). आता साठच्या खाली येत नाही. पैसे घेतले नाहीत, नावंही सांगितली नाहीत, चहा तेवढा घेतला. दादांनो, देव बरें करूं!