गाडी मिळाली नाही ते बरंच झालं

तासगाव,
७ मे

चि. निखिल यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही मंगळवारी रात्री सुखरूप पोचलो. आईचा गुडघा ठीक आहे. शेजारच्या बायका दोन दिवस येऊन बसल्या आणि तिनं सगळ्यांना आपल्या माल्टा बेटावरच्या सहलीचे फोटो दाखवले.

डब्लिनच्या विमानतळावर निघताना तू परत म्हणालास, “बाबा, गाडी मिळाली असती तर तुमचे एवढे हाल झाले नसते.” ओवी रडत होती, त्या गडबडीत मला काही बोलता आलं नाही. म्हणून आज सावकाश लिहायला बसलोय.

लायसन तुझं आणि क्रेडिट कार्ड सूनबाईच्या, मृणालच्या नावाचं, एवढ्यावरून माल्टात उतरल्यावर त्या काउंटरवाल्यानं आधी ठरवलेली भाड्याची गाडी नाकारली. तुझा चेहरा एवढासा झाला. सात दिवस तुझ्या मनातून ते गेलं नाही, हे मला दिसत होतं. पण मी खरं सांगतो, काचेच्या दाराबाहेर बस उभी दिसली तेव्हा मला आनंदच झाला. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाला परक्या मुलखात आपलं काहीतरी सापडल्यासारखं वाटलं.

आणि त्या बेटावर गाडी घेऊन तू केलं काय असतंस? माल्टाची लांबी २७ किलोमीटर, म्हणजे आपल्या तासगाव-सांगलीएवढी. तेवढ्यात साडेपाच लाख माणसं आणि चार लाखांवर गाड्या. राजधानी व्हॅलेटात तर गल्ल्यांना पायऱ्याच आहेत. १५६६ साली तटबंदीच्या आत आखलेलं गाव ते, तिथं गाडी लावणार कुठं? जुन्या राजधानीत, इमदीनात, तिथं राहणाऱ्यांशिवाय फारशा गाड्या सोडतच नाहीत. तू वेशीबाहेर जागा शोधत फिरला असतास आणि आम्ही तुझी वाट बघत उभे राहिलो असतो.

बसला उशीर होतो, गर्दी असते, हे मी नाकारत नाही. आपण राहिलो त्या मेल्लीहाहून व्हॅलेटा एवढं जवळ आणि तरी तासावर वेळ लागायचा. पण का लागतो, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. कंडक्टर नाही. ड्रायव्हरच सुटे देतो, तिकीट देतो, पत्ता सांगतो आणि मग गाडी हाकतो. एकेका स्टॉपवर दोन-दोन मिनिटं जातात. त्यात २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या रहिवाशांना बसप्रवास मोफत झालाय, म्हणजे भारमान वाढणारच. १९३१ पर्यंत व्हॅलेटाहून इमदीनाकडे रेल्वे होती म्हणे. ती बंद झाली, आता सगळा भार रस्त्यावर. ड्रायव्हर लोकांबद्दल मला वाईट वाटलं. एकटा माणूस दिवसभर दोघांचं काम करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्लीहाच्या स्टॉपवर आपल्या दोन बस गेल्या. पहिली गेली कारण आपण हात केला नाही. हात केल्याशिवाय तिथं गाडी थांबत नाही, अगदी आपल्या फाट्यावरच्यासारखं. दुसरी चिरकेव्वाच्या बोटीच्या धक्क्याहूनच गच्च भरून आलेली. तू फोनवर टॅक्सी बघायला लागलास. मी तेव्हा आईकडं बघत होतो. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, भाजीची चाकांची पिशवी घेऊन. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईनं आपला डावा गुडघा थोपटून दाखवला. आईनं आपला उजवा. मग दोघी हसल्या, आईनं पर्समधली शेंगदाण्याची चिक्की काढली, अर्धी तिला दिली. तिनं ती तोंडात न घालता आधी वास घेतला, मग खाल्ली, आणि मृणालला इंग्रजीत सांगितलं की उद्यापासून साडेआठच्या आत निघा, जागा मिळेल. मिळाली की नाही? तू घेतलेल्या बसच्या सात दिवसांच्या कार्डावर आपण किती फिरलो! आई अजून त्या बाईची आठवण काढते.

व्हॅलेटाचा स्टँड मला फार आवडला. वेशीबाहेर ते तीन मत्स्यमानव डोक्यावर परात धरलेलं कारंजं, आणि त्याच्याभोवती फलाट. फलाटावर अक्षर आणि नंबर, कुणाला विचारायची गरज नाही. तिथूनच आपण आईला चालवत बराक्काच्या बागेत नेलं. दुपारी बाराची तोफ उडाली तशी आरुषनं माझ्या मांडीला मिठी मारली. मग ५८ मीटर खाली नेणारी ती लिफ्ट आणि बंदरातली बोट. आईला एक पायरी उतरावी लागली नाही. बोटीत बसल्यावर ती म्हणाली, “पंढरपूरला चंद्रभागेत बसले होते, त्यानंतर आत्ता.”

आता शेजारच्या गोझो बेटाचं. चिरकेव्वाच्या धक्क्यावर मोटारींची रांग लागली होती आणि आपण बाबागाडी ढकलत सरळ बोटीत शिरलो. जाताना कुणीच तिकीट मागेना. माझा जीव राहीना. आयुष्यभर विनातिकीट माणूस शोधायची सवय, आणि आपण सहाजण फुकट बसलेलो! तू हसून सांगितलंस की पैसे परतताना घेतात, गोझोला गेलेला माणूस परत येणारच. तरीही पंचवीस मिनिटं मी दाराकडं बघत होतो.

गोझोचं मुख्य गाव व्हिक्टोरिया, तिथला स्टँड म्हणजे तालुक्याचा स्टँड. सगळ्या गावांच्या गाड्या तिथूनच सुटणार, तिथंच परत येणार. या गावातून त्या गावात आडवं जायचं म्हटलं तरी स्टँडला यायचं. जिगान्तियाची देवळं बघितली, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. एवढाले दगड माणसांनी कसे रचले असतील, हे ओवीनं मला तीनदा विचारलं आणि मला तीनदा उत्तर आलं नाही.

मग द्वेयरा. तिथं डोंगराला पडलेल्या भगदाडातून समुद्राचं पाणी आत येऊन तळं झालंय. ते बघता बघता आपली बस गेली. पुढची तासाभरानं. आई, मृणाल आणि ओवी पाण्याकडं गेल्या, आरुष बाबागाडीत झोपला, आणि आपण दोघं त्या पिवळ्या दगडाच्या कठड्यावर बसलो. तू तिसऱ्यांदा “सॉरी बाबा” म्हणालास. मग जरा वेळानं सांगितलंस की ऑफिसात माणसं कमी करताहेत, पहिल्या यादीत तुझं नाव नाही पण दुसरी यायची आहे. मृणालला सांगितलंय, आईला सांगू नका. मी म्हटलं बरं.

निखिल, गाडी असती तर तू हे कधी सांगितलं असतंस? तुझी नजर रस्त्यावर असती, मागं पोरं रडत असती, मी पुढच्या सीटवर पट्टा लावून गप्प बसलो असतो.

तू लहान असताना सुट्टीत माझ्या गाडीला यायचास. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसायचास. मी मात्र गाडीभर उभा. “पुढं सरका, पुढं सरका” करत तुझ्यापर्यंत पोचायचो तेव्हा तू झोपलेला असायचास. तासगाव ते सांगली आपण एकाच गाडीतून कितीदा गेलो असू, पण तुझ्या शेजारी बसून मी एकदाही गेलो नव्हतो. ते मला त्या दिवशी संध्याकाळी चिरकेव्वाहून परतताना लक्षात आलं. तू खिडकीशी, मी तुझ्या बाजूला, पलीकडं मृणालच्या खांद्यावर आरुष. तुझा डोळा लागला आणि मान माझ्या खांद्यावर आली. मेल्लीहाचा स्टॉप आला तेव्हा ओवीनं लाल बटण दाबलं आणि मी सवयीनं “चला, उतरणारे पुढं या” म्हणालो. पुढचा ड्रायव्हर वळून हसला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

आईचं ठरलंय, पुन्हा जायचंच. तेव्हाही गाडीचं बघू नकोस. फक्त खोली व्हॅलेटाच्या जवळपास घे, म्हणजे बस सुटते तिथूनच बसता येईल. गोझोला एक रात्र मुक्काम करू, म्हणजे परतीची बोट धरायची घाई नाही. तिथलं वेळापत्रक स्टँडवरच फोनमध्ये टिपून घ्यायचं. आणि रात्रीचं आईला चढ चालायला लावायचं नाही, तेवढ्यापुरती टॅक्सी करू.

ऑफिसचं काय झालं ते या रविवारी सांग. आई सकाळी अकरा ते बारा देवळात असते. तुमच्याकडं तेव्हा अगदी सकाळ असेल, पण जमलं तर तेव्हाच कर. मी फोनजवळ बसतो.

तुझे,
बाबा